एक राज्य सोडून

चौऱ्याऐंशी सालच्या निवडणुकीत आमच्या अंगणातली पाटी रोज सकाळी नाहीशी झालेली असायची. बाबा उठले की पायजम्यावर जाड कोट चढवून बाहेर जायचे, गवतातली दोन भोकं बघायचे आणि गराजमधून नवी पाटी आणून त्याच भोकांत ठोकायचे. पाट्यांचा गठ्ठाच होता त्यांच्याकडे, कंपनीतल्या वरच्या साहेबाने दिलेला. अध्यक्षपदावर असलेल्या माणसालाच पुन्हा निवडून द्या, असं त्या पाटीचं म्हणणं. गल्लीतल्या बाकी प्रत्येक अंगणात त्याच्या विरोधातल्या उमेदवाराची पाटी होती, आणि तो उमेदवार आमच्याच राज्यातला, मिनेसोटाचा. सगळा देश एका बाजूला चाललाय हे टीव्हीवर जो तो सांगत होता, आणि आमचं गाव हट्टाने दुसरीकडे तोंड करून उभं होतं. त्या गावात उलटी पाटी लावणारं घर आमचं एकटंच होतं. मराठी घरही एकटंच. तेव्हा पाटी उपटणाऱ्याला घर शोधत फिरावं लागत नसणार.

गाव लोखंडाच्या खाणीचं. बाबा नागपूरला धातुशास्त्र शिकले आणि फिरत फिरत राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या वेशीजवळ येऊन पडले, तेव्हा मी सात वर्षांची होते. रोज सकाळी अकराला खाणीत सुरुंग उडायचा. आधी भोंगा, मग पायाखालून एक हादरा, आणि आईच्या फळीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर वाजायच्या. ताटल्या वाजल्या की आई कुकर लावायची. घड्याळाकडे बघायची नाही. बाहेर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर तांबूस धूळ बसायची, हिवाळ्यात बर्फावरही बसायची. तूरडाळ मिळायची ती मिनिआपोलिसला, चार तास गाडी हाणून, वर्षातून दोनदा. ती संपली की वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचं वरण. बाबा त्याला घोड्यांचा खुराक म्हणायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे.

शेजारी मिसेस माकी राहायच्या. फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची नात. उंच, रुंद खांद्यांची बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. दर मंगळवारी आई त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची. त्यांनी आईला वेलची घातलेला पाव शिकवला, आईने त्यांना थालीपीठ. आईचं इंग्रजी तेव्हा पुस्तकी होतं आणि मिसेस माकींना मुळातच बोलायची आवड नव्हती, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. मग पोलादाचा धंदा बसला, अर्धी खाण बंद झाली आणि कामावरून काढायच्या माणसांची यादी निघाली. यादी वरून आली होती, पण तिच्यावर आमच्या विभागासाठी सही बाबांची होती. प्र. खेडकर. त्या यादीत मिसेस माकींचे यजमान होते, सव्वीस वर्षं नोकरी झालेले. पुढच्या मंगळवारी आई पावासाठी कणीक तिंबून घेऊन गेली, तर त्यांनी दाराच्या जाळीतूनच तिच्याकडे पाहिलं आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं. आई घरी आली आणि ती कणीक तिने कचऱ्यात टाकली. अन्न टाकताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली हे सांगताना माझं अजून डोकं फिरतं. आमच्या गाडीवर अंडी पडली. शाळेत जेवणाच्या टेबलावर मी बसले की बाक रिकामा व्हायचा. मिस्टर माकी यंत्राने बर्फ काढायचे तेव्हा त्या यंत्राची नळी अचूक आमच्या दाराकडे वळलेली असायची. आणि बाबा? बाबा आणखी ताठ झाले. जगात कष्ट करणाऱ्याला कुणी काढत नाही, रडगाणी गाणाऱ्यांनाच काढतात, असं ते जेवताना सांगायचे, आणि सत्तेतला तो हसरा अध्यक्ष कसा रडत नाही म्हणून त्याचं कौतुक करायचे. मी मान डोलवायची. मला गावाचा राग होता आणि बाबा गावाशी भांडत होते, म्हणून मी बाबांची. चौदाव्या वर्षी एवढंच गणित येतं. आई यात कुठे होती, असा प्रश्नच मला पडला नाही, कारण आई स्वयंपाकघरात होती.

तर आईचं काय चाललं होतं ते इथे सांगायला हवं. आई अमरावतीची. लग्नाआधी ती केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली होती आणि दोन वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल्स घेत होती. डिग्रीवर नाव होतं कुमुद ढोबळे. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, प्रतिभा, आणि त्या दिवसापासून ती प्रतिभा खेडकर. तांदळातलं नाव सगळ्यांनी हातोहात उचललं, डिग्री पेटीत राहिली. अमेरिकेत आल्यावर तिने गावाजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केला. तिथल्या माणसाने कागद बघितले आणि सभ्यपणे परत केले. हे सर्टिफिकेट दुसऱ्याच कुण्या बाईचं आहे, म्हणाला. तिने बाबांना सांगितलं की इथे कोर्टातून नावाचा कागद करून मिळतो. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, “काय करून राहिली तू? तुला काय कमी आहे इथं?” विषय संपला. म्हणजे बाबांपुरता संपला.

आमच्या घरात सगळे फॉर्म बाबा भरायचे. विम्याचे, शाळेचे, दाताच्या डॉक्टरचे. जिथे आईची सही लागायची तिथेही तेच सही करायचे, आईला हाक मारायची तसदी कोण घेतो? प्रतिभा खेडकर ही सही त्यांच्या हाताला इतकी बसली होती की ती आईच्या सहीपेक्षा सुबक यायची. यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नव्हतं, आईलाही वाटत नसावं, आणि आमच्या ओळखीच्या मिनिआपोलिसच्या चार मराठी घरांत हीच रीत होती. नागरिकत्वाचे अर्जही असेच भरले गेले. मात्र तिथे प्रत्येकाची मुलाखत वेगळी होती, वेगळ्या खोलीत. डुलूथच्या कचेरीत बाबा बाहेर बाकावर बसले आणि आत साहेबाने आईला विचारलं, नागरिक होताना तुम्हाला नाव बदलून हवंय का. तो हे सगळ्यांनाच विचारत असे. आई हो म्हणाली. शपथेच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र हात वर केले, आपापलं सर्टिफिकेट घेतलं, आईने आपलं थेट पर्समध्ये घातलं. बाबांनी ते बघायलाही मागितलं नाही. बघायचं काय त्यात?

आणि मग, वाट बघितल्यासारखी ती निवडणूक आली. बाबांचं या देशातलं पहिलं मत. मतदारनोंदणीची दोन कार्डं त्यांनी महिनाभर आधीच भरून पोस्टात टाकली, एक स्वतःचं, एक प्रतिभा खेडकरचं, दोन्हीवर सही करून. नमुन्याच्या मतपत्रिकेवर त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या आणि ती आईच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवली. इथे, इथे आणि इथे, असं मला परीक्षेला सांगायचे तसं तिला सांगितलं. आई हं म्हणाली आणि फोडणीत मोहरी टाकली.

मतदान लूथरन चर्चच्या तळघरात होतं. कॉफीचा मोठा पिंप, त्याचा बुडबुड आवाज, ओल्या कोटांचा वास, आणि एका टेबलावर बायकांनी घरून करून आणलेल्या खोबऱ्याच्या वड्यांसारख्या गोड वड्या. कॉफी वाढायला मिसेस माकी. माझ्या वर्गातल्या दोन मुली आयांबरोबर आलेल्या होत्या. आम्ही तिघं आत शिरलो तसं बोलणं खाली आलं. अगदी थांबलं नाही, पण खाली आलं. बाबांनी टेबलाशी नाव सांगितलं, वहीत सही केली, कागद घेतला. मग टेबलाशी बसलेल्या चष्मेवाल्या बाईंनी बोट सरकवून आईला विचारलं, प्रतिभा खेडकर? इथे सही करा.

आई म्हणाली, “ही मी नाही.”

बाई हसल्या, त्यांना वाटलं भाषेची अडचण असेल. त्यांनी हळू आणि मोठ्याने पुन्हा विचारलं. आईने पर्स उघडली, सर्टिफिकेट काढलं, घडी उलगडून त्यांच्यासमोर ठेवलं. फोटो तिचा. नाव कुमुद ढोबळे. बाबा पडद्याच्या खोक्याकडे निघाले होते ते परत आले आणि त्यांनी तो कागद वाचला. त्यांचा चेहरा मी शब्दांत सांगणार नाही. एवढंच सांगते की दोन वर्षं अख्खं गाव अंडी फेकून जे करू शकलं नव्हतं ते त्या कागदाने केलं. मग हे कार्ड कुणी भरलं, बाईंनी विचारलं. आता आवाज कोरडा होता. आई म्हणाली की काहीतरी चूक झाली असेल, तिला माहीत नाही. खोट्या सहीच्या गुन्ह्यातून बाबांना तिने तिथेच वाचवलं, हे मला कळायला पुढे वीस वर्षं लागली. बाबांना ते कधीच कळलं नाही.

त्या राज्यात तेव्हाही एक सोय होती आणि आजही आहे. मतदानाच्या दिवशी तिथल्या तिथे नाव नोंदवता येतं, आणि पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच भागातल्या मतदाराने शपथेवर सांगायचं की ही व्यक्ती इथे राहते. आईपाशी कुमुद ढोबळे या नावाचं ना विजेचं बिल होतं, ना ड्रायव्हिंग लायसन्स. पण शेजारी नवरा उभा होता. बाई बाबांकडे वळल्या आणि सुटकेच्या सुरात म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत तरी चालेल, फक्त हात वर करायचाय.

बाबांनी हात वर केला नाही. ते म्हणाले, “मी प्रतिभा खेडकरला ओळखतो. या नावाच्या बाईला ओळखत नाही.”

इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मराठीत, फक्त आईला, की घरी चल आणि हा तमाशा बंद कर. आई हलली नाही. तिने कोटाची बटणंसुद्धा उघडली नव्हती, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून उभी होती. रांग मागे साचत होती. बिचाऱ्या बाईंना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. कायद्याने माझ्या बोलण्याला काही अर्थ नव्हता, मी चौदा वर्षांची. त्यांनी आपलं प्रेमाने विचारलं, बाळ, तुझ्या आईचं नाव काय?

त्या दोन मुली बघत होत्या. मला आईचा इतका राग आला होता, की गावासमोर, या गावासमोर, तिने आम्हाला असं उघडं पाडावं. मला ते नाव माहीत होतं. आजोबांच्या पत्रांचा मायना दर महिन्याला मीच वाचून दाखवायची, चि. कुमुद. मी म्हणाले, “प्रतिभा.”

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मिसेस माकींनी कॉफीच्या पिंपाचा नळ बंद केला, हात पुसले आणि टेबलापाशी आल्या. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. हात वर केला आणि म्हणाल्या, “मी हिला ओळखते. ही माझ्या शेजारी राहते. दुर्दैवाने.”

रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी घाईघाईने शपथेचा कागद पुढे केला, मिसेस माकींनी सही केली आणि त्या परत पिंपाशी गेल्या. आई थँक यू म्हणाली. त्यांनी पिंपाचा नळ पुन्हा उघडला. यात शेजारधर्म वगैरे शोधायचा मोह मला पुढे अनेकदा झाला, पण खरं सांगायचं तर त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला होता आणि तो आणखी उतरवायची संधी त्यांना सोडायची नव्हती. शिवाय नवऱ्याशी भांडून आलेली बाई मत आपल्याच माणसाला देणार, हा हिशोबही असेलच. यानंतरही त्यांचं दार आईला उघडलं नाही. पुढच्या वर्षी माकी नवराबायको घर विकून निघून गेले, निरोप न घेता. त्या दिवशी आईने वहीत कुमुद ढोबळे लिहिलं, नवी सही केली, कागद घेतला आणि पडद्यामागे गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात पहिल्या पानभर देशाचा नकाशा होता. एक सोडून सगळी राज्यं बाबांच्या माणसाला गेली होती. एवढा मोठा विजय, आणि वरती उत्तरेला, मधोमध, आमचं एक राज्य वेगळ्या रंगाचं. तेही जेमतेम काही हजार मतांनी निसटलेलं. बाबा रात्रभर आईशी बोलले नव्हते. आता त्यांनी तो पेपर तिच्या पोळपाटावर, पिठावरच ठेवला आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “अख्खा देश एकीकडे. काय मिळवलं तू?”

आईने पेपर उचलला, त्याला लागलेलं पीठ झटकलं.

“एक राहिलंच ना तुमचं,” ती म्हणाली, आणि पोळी लाटायला घेतली.

झालं. तेव्हापासून ते राज्य आईने घालवलं. बाबा हे गणपतीत सांगायचे, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या नवऱ्यांना सांगायचे, माझ्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलं: सगळा देश जिंकला हो, पण माझ्या घरातच फितुरी. लोक हसायचे. हसण्याखाली काय आहे हे कुणाला कळायचं, कुणाला नाही. घरात मात्र त्यांनी तिला पुन्हा नावाने हाक मारली नाही. प्रतिभा म्हणाले नाहीत, कुमुद तर नाहीच. “अगं ए” वर अठरा वर्षं काढली त्यांनी, जाईपर्यंत. त्या सर्टिफिकेटवर डिग्रीचंच नाव होतं, म्हणून आईला कॉलेजात नोकरी मिळाली, ती गाडी शिकली, पांढरा कोट घालून परीक्षानळ्या धुवायची आणि पुढे प्रयोगशाळा सांभाळायची. संध्याकाळी येऊन त्याच माणसाला वरण वाढायची. मी तेव्हा दोघांवरही चिडलेली असायचे. आजही आहे, पण आता वाटणी बदललीय.

आता मी दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला राहते आणि आई माझ्याकडे असते. ऐंशीला टेकली. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत आहे. गेल्या अध्यक्षीय निवडणुकीत आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी एकमेकांचे असे काही गळे धरले की दोन कुटुंबांचा तीस वर्षांचा भिशीचा शिरस्ता मोडला. माझा मुलगा मला म्हणाला, “Mom, just mute them, यार.” मी म्यूट केलं नाही, सगळं वाचत बसले. भांडण बघायची मला लहानपणापासून सवय आहे. मतदानाच्या दिवशी आईला गाडीत घातलं आणि निघाले. वाटेत मी तिला त्या दोन कुटुंबांचं सांगत होते, त्यावरून विषय त्या चर्चच्या तळघरावर गेला. चाळीस वर्षांत आम्ही तो काढला नव्हता. मी म्हणाले, काही म्हण, गावाने तुला इतका त्रास दिला तरी तू त्यांच्याच माणसाला मत दिलंस, बाबांना पुरून उरलीस.

आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “मी तुझ्या बाबांच्याच माणसाला दिलं होतं.”

मी पुढच्या सिग्नलला थांबायची विसरले. बाजूच्या रस्त्यावरून हॉर्न वाजला.

तिला तो हसरा माणूस आवडायचा, म्हणाली. बोलायचा छान. त्या दुसऱ्याचं भाषण तिला रटाळ वाटायचं. बस, एवढंच कारण. पडद्यामागे एवढा वेळ लागला तो खुणा करायला नाही, तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला म्हणून. मी गाडी कडेला घेतली. अठरा वर्षं, मी म्हणाले, अठरा वर्षं बाबा तुला फितूर म्हणत होते, चारचौघांत, माझ्या लग्नात. एक वाक्य बोलायचं होतंस. का नाही सांगितलंस?

“सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, त्यांनी सांगितलं म्हणून दिलं,” आई म्हणाली. “चल, उशीर होतोय.”

मतदान वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. टेबलाशी एक कॉलेजातला मुलगा बसला होता, त्याने आईला नाव विचारलं. तिला ऐकू आलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं. तसंच, मान वळवून. मागे रांग होती, रांगेत आमच्या ग्रुपवरचे निदान चारजण होते, आणि त्यांच्या लेखी ती खेडकर काकू.

“कुमुद,” मी म्हणाले. “कुमुद ढोबळे.” आणि त्याला स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर, मोठ्याने.

त्याने वही फिरवली. आईने पेन घेतलं, सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. मग काठी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “या वेळेस बरोबर सांगितलंस.”